बंद करण्याचं काम

एका तालुक्याच्या गावाशेजारी एक टेकडी होती. टेकडीवर दूरदर्शनचं लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र होतं. एवढं मोठं नाव गावाच्या तोंडी कधी बसलं नाही. गाव त्याला टीव्ही टॉवर म्हणायचं, आणि तिथं काम करणाऱ्या तंत्रज्ञाला टॉवरमामा.

टॉवर 1984 साली उभा राहिला. त्या वर्षी देशात काही महिने जवळजवळ रोज एक नवं प्रक्षेपण केंद्र सुरू होत होतं. आदल्या वर्षी इन्सॅट-1बी हा उपग्रह आकाशात गेला होता. दिल्लीहून निघालेलं चित्र त्या उपग्रहावरून खाली यायचं, टेकडीवरची मोठी तबकडी ते झेलायची आणि यंत्र ते टॉवरवरून पुन्हा हवेत सोडायचं. यंत्राची ताकद शंभर वॅट, म्हणजे एका मोठ्या बल्बएवढी. तेवढ्यावर दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत, जिथून टॉवर नजरेला पडेल तिथं, चित्र दिसायचं.

उद्घाटनाला टेकडीवर मांडव घातला होता. नारळ फुटला, हार पडले, पेढे वाटले. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि टाळ्या वाजल्या. टॉवरमामा तेव्हा शाळकरी पोर होता. गर्दीच्या कडेला उभा राहून त्यानं ते सगळं पाहिलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर इंदिरा गांधींची हत्या झाली. तीन दिवसांनी त्यांची अंत्ययात्रा दूरदर्शनवर दिसली. चावडीसमोर एक संच मांडला होता आणि अख्खं गाव जमिनीवर मांडी घालून बसलं होतं. ज्यांनी जिल्ह्याचं ठिकाणही पाहिलं नव्हतं, त्या बायकांनी त्या दिवशी दिल्ली पाहिली आणि पदर डोळ्यांना लावला. पुढं रविवारी सकाळी रामायण सुरू झालं. मग मुंबईचे मराठी कार्यक्रमही टेकडीवर पोचले. ‘आमची माती आमची माणसं’ लागलं की शेतकरी औत सोडून घरी यायचे, आणि सात वाजता बातम्या लागल्या की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

शाळकरी पोर मोठा झाला, तंत्रज्ञाचं शिक्षण घेऊन त्याच टेकडीवर नोकरीला लागला. काम सोपं होतं, पण नेमानं करायचं होतं. यंत्रं दोन होती, एक चालू आणि एक राखीव. वीज गेली की जनित्र लावायचं. आणि दर तासाला एका जाड वहीत आकडे लिहायचे. टॉवरकडे किती ताकद गेली हा एक आकडा, आणि टॉवरकडून किती परत आली हा दुसरा. परत येणारा आकडा शून्याजवळ असला की सगळं ठीक. तो वाढला की केबलमध्ये किंवा अँटेनात बिघाड. जुन्या तंत्रज्ञानं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “काही परत येत नाही ना? मग समजायचं की सगळं पोचतंय.”

टॉवरमामानं तीस वर्षं ते आकडे लिहिले. माणसांकडूनही काही परत येत नसे. यंत्र चाललं म्हणून कुणी शाबासकी द्यायला टेकडी चढत नाही. त्याची त्याला सवय झाली.

काळ पुढं गेला. गावात केबल आली. मग पत्र्यांवर आणि गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या. मग हातोहाती मोबाइल आले. ज्या बांबूंवर अँटेना होते, त्यांवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आल्या. टेकडीवरून खाली पाहिलं की टॉवरमामाला छत्र्याच छत्र्या दिसायच्या. तरी यंत्र रोज वेळेवर सुरू व्हायचं आणि वहीत आकडे पडायचे.

एक दिवस पत्र आलं. देशभरातली जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्यानं बंद होत होती. बरीचशी आधीच बंद झाली होती. मोक्याच्या ठिकाणची पन्नासेक सोडून उरलेली 31 मार्च 2022 पर्यंत बंद व्हायची होती. त्यांत टेकडीवरचा हा टॉवर होता.

मार्चच्या सुरुवातीला जिल्ह्याहून साहेब आले. साहेब सज्जन होते. त्यांनी आधी चहा घेतला, मग फाइल उघडली.

“वाईट वाटतंय का?” त्यांनी विचारलं.

“वाटतं थोडं,” टॉवरमामा म्हणाला.

“मलाही वाटतं. पण हिशेब बघा. या यंत्रांचे सुटे भाग आता मिळत नाहीत. विजेचं बिल येतं, माणसं गुंतून पडतात. ज्या लहरी आपण अडवून बसलोय, त्या दुसऱ्या कामाला हव्या आहेत. आणि दूरदर्शनची फ्री डिश तर 2004 पासून आहे. एकदा छत्री लावली की महिन्याचं भाडं नाही, एका चॅनेलच्या जागी शंभर दिसतात. मग हे कुणासाठी चालवायचं?”

टॉवरमामाला ते पटलं. साहेबांचं म्हणणं खरंच होतं.

साहेबांनी त्याच्यापुढं एक तक्ता ठेवला. यंत्रं किती, बॅटऱ्या किती, खुर्च्या किती, कपाटं किती, सगळं भरून द्यायचं होतं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सध्याचे प्रेक्षक, अंदाजे’. टॉवरमामानं खिडकीतून खाली पाहिलं. छत्र्याच छत्र्या. त्यानं रकान्यात शून्य लिहिलं.

जाताना साहेबांनी एक सूचनापत्र दिलं. अमुक तारखेपासून प्रक्षेपण बंद, असं त्यावर छापलं होतं. रखवालीला असलेल्या पोरानं ते टेकडीवरच्या फाटकाला चिकटवलं. मग तो जरा वेळ त्याच्याकडं बघत उभा राहिला.

“मामा,” तो म्हणाला, “हे वाचायला इथं येतं कोण?”

टॉवरमामा काही बोलला नाही. पडद्यावर सूचना द्यावी म्हटलं तर तीही सोय नव्हती. या केंद्राला स्टुडिओ नव्हता, स्वतःचं असं एक अक्षर ते दाखवू शकत नव्हतं. वरून आलेलं पुढं द्यायचं, एवढंच त्याला येत होतं.

दोन दिवसांनी दोन्ही यंत्रं उघडून आतल्या भागांची मोजदाद करायची होती. त्यासाठी संध्याकाळी सात वाजता त्यानं प्रक्षेपण थांबवलं. काम रात्री उशिरापर्यंत चाललं. पोरगा म्हणाला, “मामा, एकाचाही फोन आला नाही.”

“येणार कुणाचा?” टॉवरमामा म्हणाला. आपण लिहिलेलं शून्य बरोबर होतं, याची त्याला खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत फाटकाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. हातात काठी होती, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. तिनं कपाळावर हात धरून आत पाहिलं.

“लेकरा, बरा हायेस नव्हं?”

टॉवरमामा बाहेर आला. “बरा आहे मावशी. का हो?”

“काल सातच्या टायमाला चित्र गेलं. रातच्यालाबी आलं न्हाई. म्हटलं, टावरवरचा मानूस आजारी पडला आसंल. एकटाच आस्तोय म्हनत्यात वर. म्हनून आले बघाया.”

तिनं पदराची गाठ सोडली. आत गवती चहाची एक जुडी होती, आल्याचा तुकडा होता, आणि फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या होत्या.

टॉवरमामा त्या जुडीकडं बघत राहिला. मग त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिच्याच गवती चहाचा चहा केला.

“मावशी, तुमच्याकडं छत्री नाही?” त्यानं विचारलं.

“छत्रीवाला आलता की दोनदा. हिकडं फिरवली, तिकडं फिरवली. म्हनला, छत्रीला आभाळ लागतंय आजी, आन् तुमच्या घराला आभाळच कमी हाय. गेला निघून.”

टॉवरमामा तिच्याबरोबर टेकडी उतरला. ओढा ओलांडून, चढ चढून ते तिच्या घरी पोचले. घर कड्याच्या अगदी पायथ्याशी होतं. मागं सरळसोट कडा आणि कड्याला लागून फणसाची दोन जुनी झाडं. ज्या उपग्रहावरून फ्री डिशचं चित्र येतं, तो आपल्याकडून आग्नेयेला असतो. कडाही नेमका आग्नेयेलाच होता. समोरची बाजू मात्र मोकळी होती. समोर टेकडी होती आणि टेकडीवर टॉवर होता.

अंगणात बांबूवर अँटेना बांधला होता. त्याची एक काडी कधीतरी गळून पडली होती. तिच्या जागी कुणीतरी सायकलचा स्पोक तारेनं घट्ट बसवला होता. चपटी वायर कौलांतून आत गेली होती, आणि जिथं जिथं ती फाटली होती तिथं तिथं नीट पट्टी गुंडाळली होती.

आत खाटेवर म्हातारा पडून होता. त्याची नजर गेली होती. तो टीव्ही ऐकायचा.

“काल यांनी गोळीच घेतली न्हाई,” म्हातारी म्हणाली. “सातच्या बातम्या झाल्या की गोळी घ्यायची, आसा नेम हाय. मी म्हटलं, सात वाजून गेलं. हे म्हनलं, बातम्या लागल्या न्हाईत, म्हंजी सात वाजलं न्हाईत.”

म्हाताऱ्यानं आवाजाच्या रोखानं मान वळवली. “टावरवालं का? बसा. यंत्र बिघडलंतं व्हय?”

“नाही बाबा,” टॉवरमामा म्हणाला. “यंत्र चांगलं आहे.”

पुढं बोलणं त्याला जड गेलं, पण त्यानं सांगितलं. महिनाअखेर टॉवर बंद होणार. म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बरं झालं सांगितलंत. न्हाईतर आम्ही आपलं बसलो असतो वाट बघत.”

त्या संध्याकाळी टॉवरमामानं तक्ता काढला आणि शेवटच्या रकान्यातल्या शून्यावर काट मारली. मग साहेबांना फोन लावला.

“साहेब, प्रेक्षक आहेत.”

“किती?”

“एक घर सापडलंय. आणखी असतील.”

“एक असो की दहा, आदेश बदलायचा नाही,” साहेब म्हणाले.

“आदेश बदला असं म्हणत नाही मी. तारखेला अजून तीन आठवडे आहेत. तेवढ्यात मला फिरू द्या.”

साहेब क्षणभर थांबले. “ड्युटी सांभाळून काय करायचं ते करा,” ते म्हणाले.

आता प्रश्न असा होता की उरलेले शोधायचे कसे. गावात फिरून विचारावं, तर छत्रीवाले लोक म्हणायचे, “आता कोण बघतं मामा ते!” टॉवरमामानं विचार केला. मग त्याच्या लक्षात आलं की विचारायची गरजच नाही. अँटेनाच सांगेल. टाकून दिलेल्या अँटेनाला वाऱ्यानं कुठंही फिरवलेलं असतं. कुणाचं तोंड उत्तरेला, कुणाचं जमिनीला, कुणावर कावळ्यानं काड्या जमवलेल्या. पण ज्या घरात टीव्ही चालू आहे, त्या घरचा अँटेना बरोबर टॉवरकडं रोखलेला असतो. वाऱ्यानं हलला की घरातलं कुणीतरी पुन्हा वळवून ठेवतं.

मग टॉवरमामा आणि तो पोरगा रोज दुपारी वाड्या-वस्त्या पालथ्या घालू लागले. छपरांकडं बघत चालायचे. शंभर अँटेना बघावेत, तेव्हा एखादा टॉवरकडं तोंड करून उभा दिसायचा. मग त्या घराची कडी वाजवायची.

एका घरचा अँटेना असा सरळ होता. आत विचारलं तर पोरगी म्हणाली, “टीव्ही कधीच गेला हो आमचा. आबांनी लावलेला अँटेना म्हणून आम्ही तो काढला नाही, वाकला की सरळ करतो.” टॉवरमामानं त्या अँटेनाकडं एकदा पाहिलं आणि तो पुढं निघाला.

बाजारपेठेमागच्या बोळात एक शिंपी सापडला. मशीनवर बसून तो दिवसभर टीव्ही लावून ठेवायचा. छत्री घ्यायला पैसे होते, पण त्याच्या जुन्या संचाला मागं जोडणीची भोकंच नव्हती, फक्त अँटेनाची जागा होती. दुकानदारानं त्याला नवा टीव्हीच घ्यावा लागेल म्हणून सांगितलं होतं. “मॉड्युलेटर म्हणून एक छोटी डबी येते,” टॉवरमामा म्हणाला. “ती मधे लावली की चालेल.” शिंप्यानं हातातली कात्री खाली ठेवली. “इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नाही,” तो म्हणाला.

पठारावर एक धनगरवाडा होता. तिथं विजेचे खांब पोचले नव्हते. एका घरात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काळा-पांढरा छोटा टीव्ही चालायचा. बॅटरी चार्ज करायला घरधनी ती डोक्यावर घेऊन खाली यायचा. त्याला वाटत होतं की छत्रीला मोठी वीज लागते. टॉवरमामानं त्याला सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर दाखवला. त्यावर 12 व्होल्ट लिहिलं होतं, आणि बॅटरीही 12 व्होल्टचीच होती. “अडॅप्टर बाजूला ठेव. वायर नीट बघून बॅटरीवरच जोडू,” तो म्हणाला.

अशी चार घरं निघाली. चौघांची चार कारणं होती. एकाला आभाळ नव्हतं, एकाला माहिती नव्हती, एकाला वीज नव्हती. चौथं घर एका एकट्या बाईचं होतं. तिच्याकडं पैसे नव्हते, आणि ते सांगायची तिला लाज वाटत होती.

पोरग्यानं त्यावर युक्ती काढली. गावात कितीतरी छत्र्या गंजत पडल्या होत्या. लोकांनी महिन्याचं रिचार्ज बंद करून मोबाइल धरला होता. तो घरोघर गेला आणि म्हणाला, “वापरत नसाल तर छत्री द्या.” लोकांनी आनंदानं दिल्या. त्यानं त्या घासल्या, रंगवल्या. सेट-टॉप बॉक्सचे नवे डबे आणायला शिंप्यानं आणि धनगरानं आपापले पैसे दिले. म्हातारीच्या डब्याचे पैसे तिच्या मुंबईच्या मुलानं पाठवले. एकट्या बाईच्या डब्याचे टॉवरमामानं भरले आणि तिला सांगितलं की खात्याकडून एक शिल्लक होता.

सगळ्यात अवघड काम कड्याखालच्या घराचं होतं. टॉवरमामा दोन दुपारी तिथं नुसता फिरत राहिला. कुठून आभाळ दिसतं ते बघत राहिला. शेवटी घरापासून बऱ्याच अंतरावर, शेताच्या खालच्या बांधावर त्याला एक जागा सापडली. तिथून कड्याच्या आणि फणसाच्या शेंड्यावरून आकाश मोकळं दिसत होतं. बांधावर लोखंडी पाइप पुरला, छत्री बसवली. दीडशे फूट केबल टाकली, आणि नांगराचा फाळ लागू नये म्हणून ती बांधाच्या कडेनं पुरून घेतली. संध्याकाळी म्हाताऱ्याच्या खाटेजवळ आवाज आला. सह्याद्री वाहिनीवर सातच्या बातम्या लागल्या होत्या.

“हितं आवाज जरा निराळा येतोय,” म्हातारा म्हणाला.

“स्वच्छ येतोय बाबा. आधी खरखर होती.”

“खरखर सवयीची होती,” म्हातारा म्हणाला आणि गोळीसाठी हात पुढं केला.

टॉवरमामानं डब्याची मांडणी अशी केली, की चालू केला की सह्याद्रीच लागावी. रिमोटवर बटणं पुष्कळ होती आणि म्हाताऱ्याला एकच हवं होतं. म्हातारीनं स्वयंपाकघरातून तांदळाचा एक दाणा आणून दिला. टॉवरमामानं तो त्या एका बटणावर डिंकानं चिकटवला. म्हाताऱ्यानं अंगठा फिरवला, दाणा सापडला, आणि त्यानं टीव्ही बंद केला. पुन्हा सुरू केला. पुन्हा बंद केला.

31 मार्चला साहेब आले. टॉवरमामानं भरलेला तक्ता त्यांच्यापुढं ठेवला. साहेबांनी शेवटचा रकाना पाहिला. आधी शून्य लिहून त्यावर काट मारली होती. मग चार लिहिलं होतं, त्यावरही काट होती. खाली पुन्हा शून्य होतं.

“हे काय?” साहेब म्हणाले. “शेवटी शून्यच ना?”

“हो साहेब. पण पहिलं शून्य मी इथं खिडकीत बसून लिहिलं होतं. हे फिरून लिहिलंय. चौघांची सोय झाली. आता खरंच कुणी उरलेलं नाही.”

साहेबांनी चष्मा काढला, तक्त्याकडं पुन्हा पाहिलं. मग त्यांनी त्या खाडाखोडीशेजारी आपली सही केली, म्हणजे पुढं कुणी ती चूक समजून तक्ता परत पाठवू नये.

संध्याकाळी सातच्या बातम्या पूर्ण होऊ दिल्या. मग टॉवरमामानं यंत्राचं बटण बंद केलं. काटा खाली आला. त्यानं वहीत वेळ लिहिली, दोन्ही रकान्यांत शून्य लिहिलं, सही केली आणि वही साहेबांच्या हाती दिली. मांडव नव्हता, हार नव्हते. रात्री टेकडीवर फोन आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी कुणीही आलं नाही. पुढच्या आठवड्यात टॉवरमामाची दुसऱ्या केंद्रावर बदली झाली आणि तो तिकडं रुजू झाला.

गोष्ट एवढीच आहे.

वाहिन्या बंद होतच असतात. डीडी मेट्रोची जागा 2003 साली डीडी न्यूजनं घेतली. तारा मराठी आली आणि गेली, मी मराठी आली आणि गेली. वाहिन्यांचंच काय, जुलै 2013 मध्ये तारसेवाही संपली. जुनं जातं, नवं येतं, आणि पुष्कळदा नवं चांगलंही असतं. या गोष्टीतला आदेश चुकीचा नव्हता आणि साहेबही चुकीचे नव्हते. चुकीचं होतं ते पहिलं शून्य. खिडकीतून छत्र्या दिसतात, कड्याखालचं घर दिसत नाही. तक्रार करायला ज्याच्याकडं फोन नाही, त्याचा फोन येत नाही, आणि फोन आला नाही म्हणून तो नाहीच असं आपण धरून चालतो.

आज कितीतरी रकान्यांत अशी शून्यं लिहिली जात आहेत. एसटीची एखादी फेरी, डोंगरातली कमी पटाची शाळा, बँकेतली पासबुकाची खिडकी. ‘आता कोण येतं’ असं म्हणायला फार सोपं असतं. सुरू करायला आपण मांडव घालतो, पाहुणे बोलावतो. बंद करायला मात्र एक बटण पुरेसं समजतो. खरं तर बंद करणं हेही काम आहे, आणि ते सुरू करण्याइतकंच मन लावून करावं लागतं.

म्हणून तुमच्या हाती कधी असं बटण आलं, तर घाई करू नका. बंद करायचंच असेल तर जरूर करा. पण आधी उठा, बाहेर पडा, कोण उरलंय ते स्वतः जाऊन बघा, त्याला सांगा आणि त्याची सोय लावून द्या. मगच बटण दाबा.